मिठागरवालीची कंबर

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पुतळ्यांच्या वर्कशॉपमध्ये बाईचा एकच साचा आहे. चेहऱ्यांचे साचे पुष्कळ आहेत, हातापायांचेही आहेत. पण गळ्यापासून गुडघ्यांपर्यंतचा मधला भाग, ज्याला आम्ही सगळे 'बॉडी' म्हणतो, तो एकच. मालकांनी तो फार वर्षांपूर्वी कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणला. या बॉडीला आठ हात जोडले की देवी होते, तलवार दिली की राणी होते, विळा दिला की शेतकरीण होते, आणि काहीच न देता नुसती पांढरी गुळगुळीत रंगवली की साडीच्या दुकानाच्या काचेत जाऊन उभी राहते. भरलेली छाती, मुठीत मावेल अशी कंबर, एका बाजूला काढलेला खुबा. हिला पॉलिश पेपर मारता मारता माझे केस पांढरे झाले, पाठ गेली, फायबरची कुसळं शिरून कातडीला कायमची खाज बसली. तिला काही होत नाही.

मी मूर्तिकलेचा डिप्लोमा केलेली बाई आहे. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात पोती वाहायचे, आणि पोरगी मूर्ती घडवते हे त्यांनी गावाकडे इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की मला मध्येच सोडून देणं शक्यच नव्हतं. कॉलेजात आम्हाला शिकवलं की पुरुषाच्या शरीरात स्नायू असतात आणि बाईच्या शरीरात लय असते. पहिलं बाळंतपण होईपर्यंत माझा त्यावर विश्वासही होता. वर्गात पुरुष मॉडेल बसला की त्याच्या गळ्याच्या शिरा, गुडघ्याच्या वाट्या, पोटाची घडी, सगळं काढायला लावायचे. बाई काढायची वेळ आली की सर मागून येऊन म्हणायचे, रेषा तोडू नका, वाहू द्या. म्हणजे हाड असेल तिथे ते दाखवू नका. नोकरीला लागल्यावर मालकांनीही तेच सांगितलं, फक्त साध्या शब्दांत. त्यामुळे मला इथे फारसं नवीन शिकावं लागलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बिल्डर आले. खाडीकाठच्या गावातलेच, शेती गेल्यावर बांधकामात पडलेले. त्यांनी एक चौक सुशोभित करायला घेतला होता आणि त्यात त्यांना मिठागरात काम करणाऱ्या बाईचा पुतळा बसवायचा होता. त्यांची आई मिठागरात मीठ वाहायची. ते म्हणाले, "ताई, सगळीकडं फ्लेमिंगोचे पुतळे झालेत. ते पावनं, येतात आनि जातात. आमच्या आया जन्मभर इथंच राबल्या, त्या कुटं दिसत नाय." मला इतकं बरं वाटलं की मी मालकांच्या आधीच हो म्हणून बसले. वर हेही सांगून टाकलं की या कामाला साच्यातली बॉडी चालणार नाही, मी पूर्ण बाई मातीत नवीन करीन. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं.

मला मॉडेल शोधावी लागणार नव्हती. माझं लग्न अशाच एका गावात झालं आहे, सीवूड्सच्या मॉलपासून चालत जाता येईल इतक्या जवळच्या. आमच्या सासूबाईंनी मिठागरं बंद होईपर्यंत डोक्यावरून मीठ वाहिलं. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, पण घराच्या खाली-वर भाडेकरूंच्या गाळ्यांची रांग लागली तरी त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंतच खोचलेलं असायचं आणि त्या पोटऱ्या घेऊन त्या जिन्यावरून अशा उतरायच्या की समोरून येणारा भाडेकरू आपोआप बाजूला व्हायचा. पुतळ्याचं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, माझा कशाला, कुणी चांगली बघ की.

आम्ही गच्चीवर काम करायचो. पहिल्या दिवशी त्या नवीन साडी नेसून, गळ्यात सगळं सोनं घालून, तोंडाला पावडर लावून आल्या आणि पोट आत ओढून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, श्वास सोडा. रिकामी टोपली त्यांच्या डोक्यावर दिली आणि चालायला सांगितलं. टोपली डोक्यावर आली मात्र, बाई बदलली. मान खांद्यांत बसली, पोट पुढे आलं, पावलं बाहेरच्या अंगाला फाकली, गुडघे जरासे सैल झाले. मी तेव्हा इतकी वर्षं त्या घरात राहत होते, तरी हे शरीर असं मी कधी पाहिलं नव्हतं. कंबर म्हणून वेगळी काही जागाच नव्हती. छातीपासून मांडीपर्यंत सगळं एकसारखं रुंद, सरळ खोडासारखं. तळपायांवर मिठाने खाल्लेल्या जुन्या जखमांचे पांढरे वण. मी टेपने मापं घेतली, त्यांना हात लावून हाडं चाचपली. सुरुवातीला त्या लाजल्या. नंतर स्वतःच सांगायला लागल्या की इथे बघ, इथे भार यायचा, हा खांदा जरा खाली आहे तो त्याच्यामुळेच. त्यांच्याकडे इतक्या बारकाईने याआधी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. महिनाभरात सगळ्या गावाला माहीत झालं की चौकात यांचा पुतळा बसणार आहे. भाजीवालीला, दूधवाल्याला, जिन्यात भेटणाऱ्या अनोळखी भाडेकरणीलाही त्या सांगायच्या, "माजा पुतला होतंय."

मातीचं मॉडेल झालं तेव्हा बिल्डर बघायला आले. भोवती एक फेरी मारली. रुमाल काढून डोळे पुसले आणि आईच आहे म्हणाले. त्या दिवशी मी घरी येऊन चक्क गोड शिरा केला.

दुसऱ्या आठवड्यात ते परत आले ते मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन. कुठल्यातरी स्टेज शोमधली कोळीण होती, घट्ट नेसलेली, कमरेवर हात, डोळा मारल्यासारखं हसू. पूर्ण अशी नको, पण थोडीशी अशी करता आली तर बघा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुमची आई अशी होती का? ते ओशाळले. आई आईच्या ठिकाणी, पण चौकात हजार माणसं बघणार, आमच्या बाया अशा धोंड्यासारख्या होत्या असं त्यांना वाटू नये, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचा पुरता राग करताही येईना. मिठागरात काम करणाऱ्यांना लोक काय काय म्हणत आले ते त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. आपली आई देखणी म्हणून ओळखली जावी एवढंच त्यांना हवं होतं, आणि देखणी म्हणजे काय हे त्यांनाही कुणीतरी पडद्यावरच शिकवलं होतं.

मी तारेने कंबरेवरची माती थोडी कापली. मग पोट आत घेतलं. मग निरोप आला की पोटऱ्या फार जाड वाटतात आणि शिवाय इतकं उघडं बरं दिसत नाही, लुगडं खाली आणा. लुगडं खाली आलं, तर आता बाई अगदीच झाकल्यासारखी दिसते म्हणून छाती वाढवा. प्रत्येक वेळी मी मालकांशी भांडले. मालक शांत माणूस आहेत, त्यांचा आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, "मॅडम, चौकात सिग्नल थोडाच वेळ असतो. तेवढ्यात लोकांना बाई आहे एवढं कळलं पाहिजे, बाकी तुमची कला कोण बघतंय?" मी म्हटलं, बाई आहे हे कळायला टोपली घेऊन चालणारी बाई पुरेशी नाही का? ते म्हणाले, नाही. आणि चहा मागवला.

मग उद्घाटनाचा दिवस ठरला आणि मातीत खेळत बसायला वेळ उरला नाही. मालकांनी शेल्फवरून बॉडी उतरवायला सांगितली. डोकं माझं, हात माझे, पावलं माझी, आणि मधली बाई साडीच्या दुकानातली. खुबा बाहेर काढलेला, त्यामुळे डोक्यावरची टोपली जरा तिरकी बसवावी लागली. सांधे मीच भरले. पॉलिश पेपरही मीच मारला. मी तेव्हा फार दमले होते. भांडायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं, ते संपलं होतं. सासूबाईंना आधी सांगायला हवं होतं हे मला रोज संध्याकाळी वाटायचं, आणि घरी गेल्यावर त्या कुठली साडी नेसू विचारत समोर यायच्या.

उद्घाटनाला गावातल्या बायका टेम्पो करून आल्या. बँडवाले होते, फेटे होते. पडदा ओढला आणि टाळ्या पडल्या. चकचकीत सोनेरी रंगात मिठागरवाली उभी होती. आमच्याच गल्लीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की ही मिठागरावर नाही, हळदीला नाचायला निघाली आहे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग नजर खाली खाली आणली आणि पावलांपाशी थांबल्या. परत येताना त्या रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तोंड माजाच हाय. बाकीची कोन?"

बिल्डरना तसंच हवं होतं, असं मी सांगितलं. त्या हं म्हणाल्या. नंतर काही दिवस घरात पुतळ्याचा विषय निघाला नाही.

मला वाटलं, इथे हे संपलं. एक पुतळा बिघडला. आजवर असे किती बिघडवले, त्यात आणखी एक. पण चौकात लोक थांबायला लागले. पोरीसोरी तिच्यासारखाच खुबा काढून शेजारी उभ्या राहून फोटो घेऊ लागल्या. कुणीतरी तिथे नाचून रील टाकलं आणि ते फिरत फिरत सासूबाईंच्या मोबाइलवर आलं. उरणच्या मावशीचा फोन आला, पनवेलच्या नणंदेचा आला. सगळ्यांचं एकच, काय देखणी होतीस गो तू. सुरुवातीला त्या हात झटकायच्या. नंतर गप्प बसून ऐकायला लागल्या. पुढे एकदा शेजारीण बसली असताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "तरनेपनी अशीच होती मी. पोट पोरं झाल्यावं सुटलं."

मी स्वयंपाकघरात होते. मला हसू आलं. म्हटलं, असू दे, म्हातारपणी मिळतंय तेवढं सुख मिळू दे. पण मग त्यांचं लुगडं खाली आलं. आधी घोट्यापर्यंत, मग त्यांनी लुगडंच सोडलं आणि गोल साडी नेसायला लागल्या. पोटऱ्या जाड दिसतात म्हणे. आरशासमोर उभ्या राहून त्या हाताने पोट दाबून बघायच्या. जिना उतरताना आता त्या एका हाताने साडी सावरत, अंग चोरून उतरतात आणि भाडेकरू आला तर स्वतः बाजूला होतात. मला हे सगळं दिसत होतं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण दिवसभर बायकांच्या कंबरा घासून आल्यावर घरी आणखी एका कंबरेचा प्रश्न मला नको होता.

आणि घरात आधीच एक होता. माझी मुलगी दहावीत आहे. ती आजीवर गेली आहे, चेहऱ्याने नाही, अंगाने. तशीच रुंद, सरळ, पोटऱ्या भरलेल्या. लहानपणी सगळे कौतुकाने सांगायचे, आजीचीच अंगकाठी. आता तिला ते कुणी बोललेलं चालत नाही. कितीही उकडत असलं तरी ती ढगळ काळे टी-शर्ट घालते. फोटो असेल तर गळ्याच्या वरचाच. मोबाइलमध्ये एक ॲप आहे त्यात ती अंगठ्याने स्वतःची कंबर दोन्हीकडून आत ढकलते. मला तारेने कापायला दिवस लागतो ते काम तिचा अंगठा पापणी लवायच्या आत करतो. जेवायला ती अर्धी भाकरी घेते आणि त्यातली अर्धी ठेवते. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, खायला घाला. मला भीती वाटते हे मी कुणाला सांगत नाही. रात्री ती झोपल्यावर मी तिच्या मनगटाला हात लावून बघते.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. नवरा बाहेर गेला होता, आम्ही तिघीच जेवायला बसलो होतो. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण होतं. सासूबाईंना सकाळी कुणीतरी पुतळ्याचा नवीन फोटो पाठवला होता, त्याला हार घातलेला. तो त्या नातीला दाखवत होत्या. मुलीने फोटो बघितला, भाकरी बाजूला सारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली की सगळे म्हणतात मी आजीसारखी आहे. आजी हेच खायची, याच घरातली, आणि ती अशी होती. मग माझ्यातच काहीतरी बिघडलेलं आहे.

सासूबाई गोंधळल्या. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं. पण हातात फोटो होता. त्या म्हणाल्या की आम्ही दिवसभर राबायचो, तुम्ही बसून असता, म्हणून असं होतं.

मुलगी उठली आणि दाराकडे निघाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही अशा नव्हतात."

त्यांचा घास हातातच राहिला. मुलगी दारात थांबली. मला लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं. म्हाताऱ्या बाईच्या हातात इतक्या वर्षांनी काहीतरी आलं होतं आणि ते मी सगळ्यांसमोर काढून घेत होते. पण मुलीची पाठ माझ्यासमोर होती, तिच्या टी-शर्टातून खांद्याची हाडं दिसायला लागली होती.

त्या म्हणाल्या, "तू कुटं बगलीस मना तरनेपनी?"

म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, तेव्हा नाही बघितलं, पण हाडं तीच असतात आई, मी ती हातांनी मोजली आहेत. त्या म्हणाल्या, "मंग सांग कशी होती ती."

आणि मी सांगितलं. कॉलेजात, कामावर, घरात, आजवर कुणाच्याही शरीराबद्दल मी इतकं बोलले नव्हते. मी सांगितलं की तुमचे खांदे पुरुषासारखे सरळ आणि त्यातला उजवा खाली. मान आखूड, कारण ती वर्षानुवर्षं भाराखाली बसली. कंबर खुब्याइतकीच रुंद. बारीक असती तर तो भार पाठीच्या मणक्यावर आला असता आणि तुम्ही तिशीतच मोडल्या असतात. मांड्या जाड, पोटऱ्यांचा गोळा घट्ट, अजूनही बोट रुतत नाही. पावलं इतकी पसरट की मिठाच्या ओल्या बांधावरही घसरायची नाहीत. मी सांगितलं की ही पोर जन्मली तेव्हा तुम्ही न्हाणीघरात पाय लांब करून बसलात आणि तिला नडग्यांवर पालथी घालून आंघोळ घातलीत, रोज, चार महिने. ती तुमच्या दोन पायांवरून एकदाही कलंडली नाही. मी शेजारी पाणी घालायला असायचे आणि मला वाटायचं, एवढे रुंद पाय माझे असते तर मला तिला धरायची इतकी भीती वाटली नसती. मी म्हटलं, तुम्ही देखण्या होतात आई. त्या फोटोतल्या बाईपेक्षा कितीतरी. तिच्या डोक्यावर खरं मीठ दिलं तर तिला चार पावलं टाकता यायची नाहीत.

बोलता बोलता मी मनगटाने डोळे पुसले. मला स्वतःचाच राग आला, कारण मला रडायचं नव्हतं. मुलगी दारातून वळून आमच्याकडे तोंड करून उभी होती. तिने हात छातीवर घट्ट बांधले होते, पण ती गेली नव्हती. सासूबाईंनी मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला. खरकटा नसलेला हात त्यांनी साडीवरून कुशीला लावला, बरगडीपासून खुब्यापर्यंत सावकाश नेला आणि परत वर आणला. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. मला वाटलं, त्या रागावल्या असतील, किंवा रडतील. दोन्हींसाठी मी तयार होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं.

"येवढं सगलं तुला ठावं होतं, तर मंग तिलाच का नाय उभी केलीस?"

दारात मुलगीही उत्तरासाठी थांबली होती.